गळ्यातली गाठ, गळ्यातला देव

समस्त कोल्हापूरकरांना, आणि त्यातही आमच्या शुक्रवार पेठेतल्या गल्लीला, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, माझ्या गळ्याला आलेली गाठ मी फार बोलत होते म्हणून आलेली नव्हती. तसा खुलासा डॉक्टरांनी तेव्हाच केला होता. पण तो त्यांनी हळू आवाजात, दार लावून केला. आणि कोल्हापुरात हळू आवाजात सांगितलेली गोष्ट कुणी खरी धरत नाही. म्हणून आज मी ती जाहीरपणे आणि मोठ्यानं सांगते आहे.

मोठ्यानं सांगता येतंय, हेच या लिखाणातलं मुख्य सुख. एक काळ असा आला होता की यापुढं मला काहीच मोठ्यानं सांगता येणार नाही, कदाचित हळूही नाही, असं वाटलं होतं. मध्यंतरी ओळखीतली एक मुलगी घरी आली. तिच्याही गळ्यात तशीच गाठ निघाली आहे. थायरॉईड म्हणजे काय, ते तिला पाठ होतं. तिला विचारायचं होतं ते वेगळंच. "काकू, तुम्हाला भीती वाटली होती का? आणि घरचे कसे वागले?"

भीती वाटली होती. घरचे कसे वागले, ते आता सविस्तर सांगते.

डबी कलायला लागली

गोष्ट नव्वदच्या दशकातली. घरोघरी केबल आली होती, खिशात फोन यायचे होते. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि जिल्ह्यातली एकही वक्तृत्व स्पर्धा माझ्याशिवाय पार पडत नव्हती. विषय कोणताही असो, 'अध्यक्ष महाशय' म्हटलं की मला पंख फुटायचे. घरात कपाटावर ढाली मांडलेल्या होत्या. माझे वडील त्या पुसून ठेवायचे, पण मनापासून नाही. ढाली पितळेच्या असत आणि वडील चांदीचे कारागीर.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. नाव बसाप्पा, मूळचे हुपरीचे. लग्नानंतर कोल्हापुरात आले आणि घराच्या पुढच्या खोलीत पैंजणं घडवू लागले. आम्ही लिंगायत. मूल पाळण्यात असतानाच त्याच्या अंगावर इष्टलिंग बांधायचं, चांदीच्या डबीत घालून दोऱ्यानं गळ्यात, आणि मग ते जन्मभर अंगावरून उतरवायचं नाही. रोजच्या पूजेला तेवढं तळहातावर घ्यायचं. पण तळहात म्हणजे अंगच की. आता बऱ्याच घरांत हे सैल झालंय. दोरा तुटला तर माणसं चार दिवसांनी, बाजारात गेल्यावर नवा आणतात. अप्पांच्या घरात मात्र आंघोळ अंगावर, झोप अंगावर, शाळेतलं लेझीमसुद्धा अंगावर. "लिंग उतरलं म्हंजे माणूस उतरलं," असं ते म्हणायचे. शिवाय बाहेरचा चहा नाही, पूजेआधी पाण्याचा घोट नाही आणि गिऱ्हाइकाशी खोटं बोलणं नाही. त्यामुळं आम्ही कधी श्रीमंत झालो नाही.

माझी डबी अप्पांनी स्वतः घडवलेली. हरभऱ्याएवढी घुंगरं, वर बारीक बेलाचं पान. एके दिवशी मी जेवायला वाढत असताना ते माझ्याकडं टक लावून बघत म्हणाले, "गिरिजा, डबी कलत्या तुझी. डावीकडं."

"कलू दे की, अप्पा."

"कलू दे कशी? माझ्या हातची डबी हाय ती!"

झालं. कारागिराच्या अब्रूचा प्रश्न आला. पण डबी दुरुस्त करायची तर काढायला नको का? ती तर काढायची नाही. मग मी बगळ्यासारखी मान पुढं करून बसायची आणि अप्पा चष्मा लावून, श्वास रोखून, माझ्या गळ्यातच पक्कडीनं कडी वाकवायचे. कडी वाकवून झाली, कडी बदलून झाली, दोरा बदलून झाला. दोन-तीन महिने हा उद्योग चालला. डबी आपली डावीकडंच. अप्पांना रात्रंदिवस त्या डबीचा घोर. मला म्हणायचे, "डाव्या कुशीवर निजतीस, त्यानं व्हतंय."

मग एका सकाळी त्यांनी डबी दोन बोटांत धरली, आणि बोटं दोऱ्यावरनं हळूहळू वर नेली. गळ्यापाशी ती थांबली. पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली, पुन्हा तिथंच थांबली.

"डबी सरळ हाय," अप्पा म्हणाले. आणि चष्मा काढून ठेवला.

निघत न्हाय

डॉक्टर आमच्या कोल्हापूरचेच. शांत, पण तोंडानं तिखट. सुई टोचून तपासणी झाली. रिपोर्ट घेऊन आम्ही तिघं त्यांच्यासमोर बसलो. मी, अप्पा आणि आई. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. अव्वा घरात सगळ्यात कमी बोलायची. मी आणि अप्पांनी तिला जागाच ठेवली नव्हती.

"साधीही असेल, वाईटही असेल," डॉक्टर म्हणाले. "काढून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. आणि आणखी एक. आवाजाची नस गाठीला खेटून आहे. मी जपेनच. पण आवाज बसू शकतो. थोड्या दिवसांसाठी किंवा कायमचा. आणि न काढता वाढू दिली, तरी ती नस दाबणारच. आधी सांगितलेलं बरं."

माझ्या कानात एकच शब्द शिरला आणि तो 'वाईट' नव्हता. 'कायमचा' होता. ज्यांना असा दिवस आला असेल त्यांना ठाऊक असेल, अशा वेळी माणूस भलतीकडंच बघत बसतं. डॉक्टरांच्या टेबलावर काचेखाली एका औषध कंपनीचं कॅलेंडर होतं आणि त्यावर गुबगुबीत बाळ हसत होतं. मी त्या बाळाचे दात मोजत बसले.

मला जाग आली ती डॉक्टर आणि अप्पांच्या संवादानं.

"हे गळ्यात काय आहे?"

"इष्टलिंग."

"ते काढावं लागेल."

"निघत न्हाय."

"का, अडकलंय?"

"अडकलं न्हाय. निघत न्हाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अहो, गळ्याचंच ऑपरेशन आहे. गाठीवर सुरी चालवू का डबीवर?"

अप्पांनी विचार केला. "दंडाला बांधतो."

"एका दंडाला सलाईन, दुसऱ्याला बीपीचा पट्टा."

"मग डोक्यावर. मस्तकावर चालतं, शास्त्रात हाय."

"माझ्या शास्त्रात नाही. विजेच्या सुरीनं काम करतो मी. अंगावर धातू असला की तिथं चटका बसतो."

इथं अप्पांचा चेहरा उजळला. "डॉक्टर, चांदी फक्त डबीची. आतलं लिंग दगडाचं. डबी मी काढतो. आतलं तेवढं ऱ्हाऊ द्या." विचार करा, आयुष्यातली सगळ्यात सुंदर डबी हा माणूस फेकायला तयार झाला होता. पण डॉक्टर म्हणाले, "दगड नाही, दोरा नाही, काही नाही. आत जाताना मी माझी अंगठी काढतो. तिथं सगळे सारखे."

"पायाला तरी..." अव्वा पुटपुटली.

"पायाला?" अप्पा असे ओरडले की बाहेरचा पेशंट दार उघडून आत डोकावला. "देव पायाला बांधतीस?"

मग ते उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "मग ऑपरेशन न्हाय."

सराव

पुढचे दिवस आमच्या घरात काय वातावरण होतं, ते कसं सांगू? अप्पा पहाटेपासून ठोकत बसायचे. पैंजणाचं काम तसं नाजूक, पण त्या दिवसांत आवाज लोहाराच्या ऐरणीसारखा यायचा. अव्वा स्वयंपाक करायची आणि कुणी जेवायचं नाही. त्यात हुपरीहून दोड्डप्पा आले. दोड्डप्पा म्हणजे अप्पांचे थोरले भाऊ. उंच, कपाळभर भस्म, आवाज असा की गल्लीतली कुत्री उठून बसायची. त्यांना शास्त्र तोंडपाठ होतं, आणि न विचारता सांगायची सवयही होती.

"आपल्या घरात कुणाच्या अंगावरनं लिंग उतरलं न्हाय, बसाप्पा. ज्यांचं उतरलं ते परत उठलं न्हाईत. तुझी तू बघ."

"गाठ वाढत्या, दादा."

"वाढू दे. देव बघंल."

"आन् देवानं न्हाय बघितलं तर?" अप्पांनी हे विचारलं आणि स्वतःच दचकले. अशी वाक्यं आमच्या घरात बोलली जात नसत.

मी अप्पांवर रागावले होते का? हो. रोज वाटायचं, हा माणूस माझ्यापेक्षा एका डबीवर प्रेम करतो. पण संध्याकाळी तोच माणूस माझ्या ताटाशी बसून "एवढी भाकरी खा की, गिरिजा, गिळताना दुखतंय काय?" असं विचारायचा आणि मी घास गिळेपर्यंत स्वतः आवंढे गिळायचा. अशा माणसावर धड रागावताही येत नाही. आजारपणात हे एक मोठं दुखणं असतं, आणि त्यावर कुठल्याच दवाखान्यात इलाज नाही.

मग मी बोलायचीच थांबले.

नाटक नव्हतं ते. म्हणजे, थोडं होतं. पण सुरुवातीला नव्हतं. पुढच्या खोलीत अप्पा काम करताना मी रोज उंबऱ्यावर बसून कॉलेजातल्या गमती सांगायची. प्राध्यापकांच्या नकला करायची. अप्पा मान वर न करता हसायचे आणि हसण्यानं हात हलला की मला शिव्या द्यायचे. त्या आठवड्यात मी उंबऱ्यावर बसायची, पण गप्प.

एका दुपारी अप्पांची हातोडी थांबली. "काय गं? आज काय सांगत न्हाईस?"

"सराव करतोय," मी म्हटलं.

"कशाचा?"

"न बोलण्याचा. गाठ वाढून आवाज गेल्यावर जमाय नको?"

अप्पांनी हातोडी खाली ठेवली. मग पक्कड ठेवली. मग उगाचच दोन्ही उचलून पुन्हा जागेवर ठेवली. आणि उठून आत गेले, काम अर्धं टाकून. भट्टी पेटती ठेवून अप्पा उठलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर त्यांनी सगळ्यांना बोलावलं. डोळे लाल होते, पण चेहऱ्यावर एक प्रकारचं तेज होतं; एखादा अवघड सांधा जुळल्यावर यायचं तसं.

"दादा, शास्त्र काय म्हणतं? लिंग देहावर ऱ्हायला पायजे."

"व्हय."

"पोरीचा देह कशाचा? माझ्या रक्ताचा. डॉक्टरनं सांगितलंय, रक्ताचा गटबी एकच हाय. म्हंजे तिचा देह तो माझा, माझा तो तिचा. मग ऑपरेशन हुईस्तवर तिचं लिंग माझ्या तळहातावर ऱ्हायलं, तर ते तिच्याच देहावर ऱ्हायलं का न्हाय?"

मी वक्तृत्वाच्या ढाली उगाच जिंकल्या, असं मला त्या क्षणी वाटलं. खरा वक्ता घरात होता.

दोड्डप्पांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग ते म्हणाले, "बसंल शास्त्रात. पण अटी हायत. आसन सोडायचं न्हाय. तोंड उघडायचं न्हाय. लिंग दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं न्हाय. पोरगी बाहेर येऊस्तवर. एक जरी मोडलं, तरी पोरगी बिनलिंगाची झाली म्हणून समज. पुढचं मग माझ्या तोंडानं वदवू नकोस."

"कबूल," अप्पा म्हणाले.

अव्वा दारात उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही. आत जाऊन तिनं पिशवी भरायला घेतली.

सुमनमावशी आणि तांबडा रस्सा

दवाखान्यात जाणाऱ्यांना माझा सल्ला: शेजारची खाट नीट निवडा. अर्थात निवडू देत नाहीत. पण माझं नशीब थोर. शेजारी शिरोळच्या सुमनमावशी होत्या. त्यांचीही गळ्याचीच गाठ, माझ्यापेक्षा मोठी, आणि त्यांना तिचा अभिमान होता. "तुझी काय, लिंबाएवढी. माझी बघ, मोसंबं हाय!"

वॉर्डाचा दिवस पहाटे सिस्टरच्या थर्मामीटरनं उजाडायचा. झोपलेल्या माणसाला "झोप लागली का?" असं उठवून विचारणं ही तिथली रीत. मग फिनेलचा वास, मग डॉक्टरांची फेरी, मग भेटायला येणाऱ्यांची केळी. मला एवढी केळी आली की मी ती खाटेखाली ठेवून वॉर्डात वाटत होते. प्रत्येक भेटणारा गळ्याकडं बघून "काही होत नाही" म्हणायचा आणि बाहेर जाऊन अव्वाजवळ रडायचा. म्हणजे रडणाऱ्याचं सांत्वन करायचं काम तिला.

दुपारी मावशींचा मुलगा डब्यातून तांबडा रस्सा आणायचा. झाकण उघडलं की अप्पा रुमाल नाकाला लावून खिडकीपाशी जाऊन उभे राहायचे.

"पावणं," मावशी हाक मारायच्या, "वासानं बी बाटतासा व्हय?"

"वासानं न्हाय," अप्पा खिडकीबाहेर बघत म्हणायचे. "तुमच्या आग्रहानं."

मावशी एवढ्या हसायच्या की मोसंबं वर-खाली व्हायचं. गळ्याची भीती वाटत असताना कुणाचा तरी गळा असा हसताना बघणं, हे मला गोळ्यांपेक्षा जास्त लागू पडलं.

वेळ संपल्याची घंटा

ऑपरेशनच्या सकाळी अप्पा पूजा आटोपून, भस्म लावून, घोंगडीचा तुकडा बगलेत मारून आले; अटींवर नजर ठेवायला मागोमाग दोड्डप्पा. थिएटरच्या दाराबाहेर, भिंतीशी त्यांनी घोंगडी अंथरली आणि पायातल्या चपला लांब ठेवल्या. मी स्ट्रेचरवर होते. त्यांनी माझ्या गळ्यातला दोरा सोडला. जन्मल्यापासून पहिल्यांदा माझा गळा मोकळा झाला. एवढीशी ती डबी. पण ती गेल्यावर वाटलं, आता वारा आला तर मी उडून जाईन.

अप्पांनी लिंग डाव्या तळहातावर घेतलं, रिकामी डबी अव्वाकडं दिली आणि मांडी घालून बसले. त्यांचं मौन सुरू झालं होतं. माझ्याकडं नुसतं बघत होते. त्यांना बोलता येत नव्हतं, आणि मला बोलता येत होतं, कदाचित शेवटचं. पण सुचेना काही. शेवटी म्हटलं, "अप्पा, पाय आखडला तर पसरा हां." हे माझं महान वक्तव्य!

आत दिव्याखाली भुलीचे डॉक्टर म्हणाले, "काहीतरी बोल बघू."

असं मला कुणी सांगायचा अवकाश. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग, आणि इथं तोंडाला फडकी बांधून जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो..." सगळे हसले, एवढं मला आठवतं. विषय सांगायच्या आतच वेळ संपल्याची घंटा झाली.

पाटी

"नाव सांग," कुणीतरी खूप लांबून म्हणत होतं. "नाव सांग तुझं."

मी जोर लावला. जो आवाज आला तो माणसाचा नव्हता. नवी कोल्हापुरी चप्पल करकरते, तसा होता. पण त्या करकरीत "गिरिजा" होतं. डॉक्टरांनी मास्क खाली ओढला आणि पहिल्यांदाच हसले. "आवाज आहे. आता वापरू नकोस. गप्प पडून राहा."

तुमच्यावर ही वेळ आली तर आधीच सांगून ठेवते: पाण्याचा पहिला घोट अख्खी सुपारी गिळल्यासारखा जातो. दुसरा अर्धी सुपारी. उशी मानेखाली नाही, खांद्याखाली घ्या. आणि आवाज चिरका आला तर घाबरू नका, आरशासमोर रडू नका. रडल्यानं तो आणखी चिरका होतो. मी करून पाहिलंय.

पण माझे खरे हाल वेगळेच होते. मला बोलायची बंदी, आणि डोळ्यांसमोर गूढच गूढ! एक, माझ्या गळ्यात पट्टीच्या खाली दोरा बांधला तो अप्पांनी नाही, अव्वानं. दोन, अप्पांच्या उजव्या कोपराच्या खाचेत कापूस चिकटवलेला होता. तीन, ते अनवाणी होते आणि त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले. चार, दोड्डप्पा कुठंच दिसत नव्हते. अव्वानं मला पाटी-पेन्सिल आणून दिली होती. मी लिहिलं, 'काय झालं?' अप्पांनी ते वाचलं आणि अंगठ्यानं पुसून टाकलं. मी पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा पुसलं. अव्वाकडं पाटी केली, तर ती पदराआड हसत होती. माझी आई, ऑपरेशनच्या दिवशी, हसत होती!

गाठीचा रिपोर्ट काही दिवसांनी आला. साधी गाठ. अप्पांनी तो कागद डॉक्टरांकडून दोनदा वाचून घेतला, मग पेठेतल्या औषधाच्या दुकानदाराकडून एकदा. आवाज हळूहळू परत आला. पहिल्यापेक्षा थोडा जाड, बाजूच्या गल्लीपर्यंत पोचणारा. लग्नही झालं. "गळ्याला काय झालंय हो पोरीच्या?" असं विचारणाऱ्यांना अप्पा आमच्या नियमाप्रमाणं खरं सांगत गेले, आणि खरं ऐकूनही जो थांबला त्याच्याशी झालं. गळ्यावरची रेघ आता सुरकुत्यांत मिसळून गेली आहे. म्हातारपणाचा एवढा एक उपयोग.

दाराबाहेर

आता राहिला तो अंक. तो मला त्याच संध्याकाळी कळला होता, पण चांगला नट शेवटचा अंक आधी करत नाही.

सांगितला सुमनमावशींनी. त्यांचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं, म्हणजे बोलायला त्यांच्याकडं ती एकच संध्याकाळ होती, आणि त्यांनी ती वाया घालवली नाही. अप्पा चहा न पिता चहाच्या गाड्यापाशी उभे राहायला गेलेले बघून त्या माझ्या खाटेवर येऊन बसल्या.

"तुझा बाप दारात बसलेला, हात असा पुढं. डोळं मिटल्यालं. मी म्हटलं बघाय जावं, म्हणून बाकड्यावर जाऊन बसलो. येणारं-जाणारं पाया पडाय लागलं की! एकीनं तर केळं ठेवून इचारलं, 'महाराज, सुनेला मूल कवा हुईल?' तुझ्या बापाला बोलाय येईना, उठाय येईना. नुसता लाल झालता."

मी हसले आणि टाके ताणले. मावशींनी मला दटावलं.

"मग दार उघडून सिस्टर आली. म्हणाली, आणलेली रक्ताची बाटली चढवली, आणखी एक लागत्या, लगेच. रक्तपेढीत ह्या गटाचं न्हाय. कुणाचं जुळतंय? सगळी तुझ्या बापाकडं बघाय लागली. रक्तपेढी रस्त्यापल्याड, बाहेर ह्यो पाऊस."

अप्पा घोंगडीवरून अर्धे उठले. दोड्डप्पा पुढं झाले. "बस खाली, बसाप्पा! आसन मोडतोस? पोरगी आत हाय, तिचा देव तुझ्या हातात हाय. आता उठलास तर तूच मारलीस म्हणीन मी!"

अप्पा एक गुडघा जमिनीवर, एक वर, असे थांबले. मावशी म्हणाल्या, "पोरी, बकरं सुरीखाली असं बघत न्हाय, तसा त्यो बघत हुता. एकदा हाताकडं, एकदा दाराकडं." मग अप्पांनी तो हात दोड्डप्पांपुढं केला. दोड्डप्पांनी स्वतःचे दोन्ही हात पाठीमागं बांधले. "मी न्हाय धरायचा. माझ्या देहाचा आन् तिचा संबंध न्हाय. तूच म्हणलास न्हवं?"

सिस्टर म्हणाली, "लवकर हो!"

आणि तेव्हा बाकड्यावरून माझी अव्वा उठली. पदर डोक्यावर घेतला, घोंगडीवर येऊन बसली आणि डावा हात पुढं केला.

"आणा हिकडं. नऊ महिने अख्खी पोरगी वागवली, मग एवढं तासभर न्हाय व्हायचं काय?"

एवढं मोठं शास्त्र काढलं, माझा देह कुणाकुणाच्या रक्ताचा याचा हिशेब झाला, आणि त्या हिशेबात आई धरायची दोघा भावांनाही आठवण झाली नव्हती. अप्पांनी लिंग तिच्या तळहातावर ठेवलं, कपाळ टेकवलं आणि चपला न घालता जिन्याकडं धावत सुटले.

दोड्डप्पा कठड्यावरून वाकून ओरडले, "अरे बसाप्पा, आसन मोडलंस! देवाला आता तोंड कसं दावशील?"

आणि तीन जिन्यांखालून, वॉर्डातल्या प्रत्येक खाटेला ऐकू जाईल अशा आवाजात, मौनात असलेले माझे अप्पा बोलले:

"देवाला रग्गड माणसं हायती, दादा! पोरीला बाप एकच हाय!"